ट्राम, आगगाडी आणि हिंजवडीचा कामगार



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, की कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस सोडून ट्रामवर आणि आगगाडीवर कशाला बोलावे? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आधी दिले पाहिजे. कामगार चळवळीचा इतिहास हा जितका पैशाचा आहे तितकाच वेळेचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, तो वेळेचाच लढा होता. आठ तासांचा दिवस ही मागणीही वेळेचीच. परंतु हे आठ तास मोजले जातात ते फाटकापासून फाटकापर्यंत. घरातून पाऊल बाहेर पडल्यापासून फाटकाशी पोहोचेपर्यंतचा वेळ कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. तो कामगाराच्या झोपेतून, त्याच्या मुलांच्या वाट्यातून आणि त्याच्या आयुष्यातून वजा होतो. म्हणून रूळ कोठून कोठे जावेत हा प्रश्न जितका इंजिनिअरांचा तितकाच आपलाही आहे. मी इंजिनिअर नाही. रात्रशाळा आणि सार्वजनिक वाचनालय एवढेच माझे विद्यापीठ. तेथे जे समजले ते सोप्या शब्दांत आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ट्राम आणि आगगाडी यांतला फरक पाहू. दोन्ही रुळांवरूनच चालतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे. आगगाडीची जागा स्वतंत्र असते, तिला कुंपण असते. ती सिग्नल पाहून चालते, तिची स्थानके दूरदूर असतात आणि वजन भारी असल्यामुळे ती थांबवायलाही बरेच अंतर लागते. ट्राम रस्त्यावरून चालते. तिचा चालक समोर पाहून गाडी हाकतो, ती थोड्या अंतरात थांबते, वळणावर वळते आणि उतारूला जिना न चढता पायरीवर पाऊल टाकून आत जाता येते. मेट्रो ही या दोघींच्या मधली. तिची वाट आगगाडीसारखी स्वतंत्र आणि थांबे ट्रामसारखे जवळजवळ. शहरात आधीपासून एक आगगाडी असेल आणि नंतर ट्रामचे किंवा मेट्रोचे जाळे वाढवावयाचे ठरले, तर या दोहोंचा संबंध तीन प्रकारांनी जोडता येतो. पहिला प्रकार, नवे रूळ जुन्या रुळांच्या कडेने न्यावयाचे. दुसरा, ट्राम थेट आगगाडीच्याच रुळांवर चढवावयाची. तिसरा, आगगाडीच्या स्थानकापासून आडवी वाट काढून, जेथे आगगाडी पोहोचत नाही तेथे ट्राम न्यावयाची.

या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. आगगाडी नाशिकला गेली, पण स्थानक झाले ते गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. मग १८८९ साली स्थानकापासून गावातल्या मेनरोडपर्यंत ट्राम सुरू झाली. घोडे तिचे डबे ओढीत. पुढे ती तोट्यात गेली आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली. परंतु तिच्या मागचा विचार अगदी सरळ होता: स्थानक गावाकडे आणता येत नाही, तर गावाने स्थानकाकडे रूळ न्यावेत.

मुंबईचे उदाहरण अधिक मोठे आहे. तेथे समुद्रकाठची आगगाडी ट्रामच्या आधीची. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. त्यानंतर ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम आली. तिची एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला आणि दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जाई. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि हळूहळू ती उत्तरेकडे परळ, दादर आणि किंग्ज सर्कलपर्यंत गेली. दादरच्या खोदादाद सर्कलला लोक आजही 'दादर टी. टी.' म्हणतात. ती दोन अक्षरे 'ट्राम टर्मिनस'ची आहेत. ट्राम गेली, पण रूळ जेथे थांबले त्या जागेचे नाव राहिले.

आता असे पाहा, की ही ट्राम समुद्रकाठच्या त्या आगगाडीच्या बाजूने पुढे वांद्रे, अंधेरी, बोरिवलीपर्यंत का गेली नाही? वस्ती तर तिकडे वाढतच होती. १९२८ साली विजेची लोकल बोरिवलीपर्यंत धावू लागली, तेव्हा लांबचा प्रवास तिने उचलला हे एक कारण खरे. पण नकाशा समोर ठेवला तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुंबई महापालिकेची हद्द त्या काळी माहीम आणि शीव येथे संपत होती. उपनगरे महापालिकेत येऊ लागली ती १९५० साली. ट्रामही बेटाच्या आतच राहिली. माहीमची खाडी ओलांडून कामाला येणारे लोक हजारो होते, पण रूळ त्या खाडीपर्यंतही गेले नाहीत. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम गेली आणि तो अध्याय संपला. माणसाचा प्रवास हद्द ओलांडून चालतो आणि रूळ हद्दीच्या आत राहतात, एवढी गोष्ट या इतिहासातून लक्षात ठेवावी. हिंजवडीचे सारे दुखणे त्यात आहे.

दुसरा प्रकार, म्हणजे ट्राम आगगाडीच्या रुळांवर चढवण्याचा, आपल्याकडे ऐकिवात नाही. पण परदेशात तो झालेला आहे. जर्मनीत कार्ल्सरूह नावाचे शहर आहे. तेथे १९९२ साली शहराच्या रस्त्यातून निघालेली ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवर जाऊन ब्रेटन या गावापर्यंत धावू लागली. शहरात वीज ७५० व्होल्टची एकदिश, तर रेल्वेवर १५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती. तेव्हा दोन्ही वीज चालतील अशा गाड्या मुद्दाम बांधल्या. गावातला माणूस एकदा बसला की बाजारपेठेतच उतरू लागला. मधली उतरचढ संपली आणि उतारू अनेक पटींनी वाढले.

जपानमध्ये तोयामा शहरात तर समुद्रकाठच्या लोकल मार्गाचीच ट्राम झाली. शहराच्या स्थानकापासून समुद्रकाठच्या इवासेहामापर्यंत रेल्वेचा एक जुना मार्ग होता, साडेसात किलोमीटरच्या आसपास. गाड्या थोड्या, म्हणून उतारू थोडे. आणि उतारू थोडे, म्हणून गाड्या आणखी थोड्या, असे त्याचे चालले होते. शहराने २००६ साली तो मार्ग ट्रामचा करून घेतला. गाड्या खालच्या तळाच्या केल्या, थांबे वाढवले आणि दिवसा दर पंधरा मिनिटांनी गाडी सोडली. उतारू वाढले आणि दुपारी घरात बसून राहणारी म्हातारी माणसेही बाहेर पडू लागली. पुढे २०२० साली हा मार्ग स्थानकाखालून शहरातल्या जुन्या ट्रामला जोडला गेला. आता समुद्रकाठी चढलेला माणूस गाडी न बदलता शहराच्या पलीकडच्या बाजूला जातो.

मग आपणही असेच का करू नये? येथे रुळांची थोडी माहिती सांगितली पाहिजे. तोयामात हे जमले, कारण जुन्या रेल्वेचे आणि ट्रामचे दोन्ही रूळ एकाच रुंदीचे होते. आपली पुणे-लोणावळा आगगाडी १६७६ मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या मापाच्या रुळांवर चालते. पुण्याच्या मेट्रोचे रूळ १४३५ मिलिमीटरचे. दोहोंत जवळजवळ एका वितीचा फरक आहे. त्यातही पिंपरी-स्वारगेट मेट्रो डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज घेते, तर हिंजवडीची मेट्रो रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टची. तेव्हा आगगाडी मेट्रोवर जाणार नाही, मेट्रो आगगाडीवर जाणार नाही आणि एका मेट्रोची गाडी दुसऱ्या मेट्रोवरही जाणार नाही. येथे गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि गाडी बदलावयाचीच असेल, तर दोन गाड्यांमधली गाठ कशी बांधली आहे यावर कामगाराचा दिवस ठरतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. तिने वाटेतल्या गावांचे भविष्य ठरवले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हा पट्टा कारखान्यांनी भरला. एका बाजूला मुंबईचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला आगगाडी, अशा दोन दोऱ्यांवर हे शहर विणले गेले. ११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि देहूरोड, तळेगाव, कामशेतपासूनचा कामगार पाळीला येऊ लागला. परंतु त्याच दोन रुळांवरून मेल, मालगाडी आणि लोकल तिघींना जावे लागते; म्हणून लोकलच्या फेऱ्या गरजेइतक्या कधीच झाल्या नाहीत. दापोडी, कासारवाडी येथे आगगाडीच्या शेजारून मेट्रो नेली, ती मी वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारातली. ती मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोहोचली. एकाच दिशेने दोन रूळ कशाला, असे काही जण म्हणाले होते. पण आगगाडी लांबच्यांसाठी आणि मेट्रो जवळच्यांसाठी, अशी कामाची वाटणी झाली तर ती उधळपट्टी नव्हे.

हिंजवडीचे मात्र वेगळे झाले. पिंपरी-चिंचवडला आगगाडीने जन्म दिला, हिंजवडीच्या उद्योगाला मोटाररस्त्याने. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे संगणक उद्योगाचे पार्क उभे राहू लागले, ते मुंबई-बंगळूर रस्त्याच्या आधाराने आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत. जमीन औद्योगिक महामंडळाची, भोवतालचे नियोजन पुढे महानगर प्राधिकरणाकडे, रस्त्यापलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका आणि मधला महामार्ग केंद्राचा. जेथे चार धनी तेथे वाट कोणाची, असा प्रश्न पहिल्या दिवसापासून राहिला. वाकडच्या पुलावर संध्याकाळी जी गर्दी आपण पाहतो तिचे मूळ यात आहे.

यावर उपाय म्हणून मेट्रोचा तिसरा मार्ग आखला गेला. १८ डिसेंबर २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली. माणपासून हिंजवडी, वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ या वाटेने शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापर्यंत सुमारे २३ किलोमीटर आणि २३ स्थानके. खर्चाचा आकडा ८,३१३ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे कोटींहून अधिक. महानगर प्राधिकरण आणि टाटा-सीमेन्स यांच्या भागीदारीतील कंपनी यांच्यात ३५ वर्षांचा करार आहे.

या मार्गाला माझा विरोध नाही. पुण्यातून हिंजवडीला जाणाऱ्याचे त्याने भले होईल. पण नकाशावर बोट ठेवून पाहा. शिवाजीनगरपासून एक रेघ आगगाडीची निघते, ती खडकी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करीत वायव्येला जाते. तेथूनच दुसरी रेघ मेट्रोची निघते, ती बाणेर, वाकड करीत हिंजवडीला जाते. कात्रीची दोन पाती उघडावीत तशा या दोन रेघा. शिवाजीनगरला त्या जवळ येतात आणि पुढे अंतर वाढत जाते. चिंचवड किंवा आकुर्डी स्थानकापासून हिंजवडी आठ-दहा किलोमीटर. पण या पात्याहून त्या पात्यावर रुळाने जावयाचे तर शिवाजीनगरपर्यंत जाऊन पुन्हा मागे यावे लागते. तळेगावचा माणूस असा प्रवास करणार नाही. तो दुचाकी काढील, नाही तर सहा आसनी रिक्षात दहावा म्हणून बसेल.

आणि हा माणूस कोण? हिंजवडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात ओळखपत्र घातलेला संगणक अभियंता येतो. त्याच्यासाठी कंपनीची बस असते, निदान काही कंपन्यांची तरी असते. पण त्या काचेच्या इमारती झाडणाऱ्या बाया, कँटीनमधली पोरे, फाटकावरचे पहारेकरी, वातानुकूलन यंत्रे सांभाळणारे ठेकेदाराचे कामगार हे कोठून येतात? चिंचवडच्या आणि देहूरोडच्या वस्त्यांतून, मावळातल्या गावांतून. त्यांच्यासाठी बस नाही. पहारेकऱ्याची पाळी पुष्कळ ठिकाणी बारा तासांची असते, त्यात येण्याजाण्याचे तीन तास मिळवा. एका ठिकाणच्या मस्टरमध्ये मी पाहिले आहे, की दहा मिनिटे उशीर झालेल्या बाईचा अर्धा दिवस कापला गेला होता. उशिराचे कारण कोणी विचारले नव्हते. हिशेब करून पाहा. गाठ नीट नसल्यामुळे माणसाचा रोज एक तास वाया गेला, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचवीस तास होतात. म्हणजे महिन्याला आठ तासांच्या तीन पाळ्या हा माणूस बिनपगारी भरतो.

कायद्यालाही ही गोष्ट अपरिचित राहिलेली नाही. २०१० साली कामगार राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, कामावरची इजा मानण्यात आला. वाट हा नोकरीचाच भाग आहे हे तत्त्व त्यातून मान्य झाले. वाटेवर हात मोडला तर ती वाट कामाची, मग वाटेवर जन्म सरला तर ती कोणाची?

उपाय काय? माझ्या मते कात्रीच्या दोन पात्यांना सांधणारी आडवी वाट हाच. नाशिकने घोड्यांनी जे केले तेच आपण नव्या साधनांनी करावयाचे. त्याची सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ साली बससाठी राखीव मार्गिकांचे सांगवी-किवळे आणि नाशिक फाटा-वाकड असे दोन मार्ग सुरू झाले. नाशिक फाट्याला कासारवाडीचे आगगाडीचे स्थानक आहे, मेट्रोचे स्थानकही आहे. वाकडला हिंजवडीची मेट्रो आहे. म्हणजे ज्या गाठीची आपण मागणी करतो तिची एक दोरी रस्त्यावर आखली गेलेली आहे. त्या मार्गिकेत दुसरी वाहने शिरू न देणे, पाळी सुटण्याच्या वेळी दर पाचदहा मिनिटांनी बस सोडणे आणि ती बस वाकडला न थांबवता थेट हिंजवडीच्या फाटकांपर्यंत नेणे, ही पहिली पायरी. भक्ती-शक्ती चौकातून वाकडमार्गे चाकणकडे मेट्रो नेण्याचा प्रस्तावही पुढे आलेला आहे. तो होईल तेव्हा आनंदच आहे. पण तोपर्यंतची वर्षे कामगाराने कशी काढावीत, याचे उत्तर प्रस्तावात नसते.

दुसरी पायरी ट्रामची. ज्या वाटेवर बस भरभरून चालतील तेथे त्याच राखीव पट्ट्यात रूळ टाकता येतात. एका ट्रामला दोन-तीन बसचे उतारू आणि एकच चालक लागतो. खांबांवरच्या मार्गासारखा तिला पूल लागत नाही आणि उतारूला जिना लागत नाही. कमी गर्दीच्या मार्गांसाठी जमिनीवरून धावणाऱ्या 'मेट्रोलाइट'चे निकष केंद्र सरकारनेच २०१९ साली ठरवून दिले. ती ट्रामचीच धाकटी बहीण होय.

येथे आक्षेप येईल, की मुंबईची ट्राम वाहतुकीला अडथळा होते म्हणून काढली, तीच आता परत कशाला? आक्षेप वजनदार आहे. रस्ते अरुंद आहेत, पावसाळ्यात पाणी साचते, आणि ट्रामला खड्डा चुकवता येत नाही हे सारे खरे. परंतु मुंबईत ट्रामच्या रुळांवर मोटारी शिरल्या आणि मग ट्रामच मोटारींना आडवी येते असा निकाल झाला. अडथळा कोण कोणाला करीत होते, हे गाडीत किती माणसे बसली आहेत ते मोजून ठरवावयास हवे होते. शंभर माणसांची गाडी आणि एका माणसाची गाडी यांना रस्त्यावर सारखाच हक्क दिला, तर तो न्याय दिसतो खरा, पण नव्याण्णव माणसे त्यात हरवतात. म्हणून राखीव पट्टा नसेल तर ट्राम मागू नये, असेच मी सांगेन.

संघटनेच्या कामात तीस वर्षे करारांवर सह्या होताना पाहिल्या. त्यातून एक गोष्ट शिकलो, की करारात जे लिहिलेले नसते ते पुढे मागून मिळत नाही. मुंबईच्या ट्रामचा कारभार कंपनीकडून महापालिकेकडे आला तो ७ ऑगस्ट १९४७ रोजी. तोवर लोकांना कंपनीच्या कराराप्रमाणेच चालावे लागले. आपल्याकडेही पस्तीस वर्षांचे करार होत आहेत. तेव्हा नवा मार्ग, नवी बस, नवी मेट्रो जेव्हा जेव्हा जाहीर होईल, तेव्हा आपण नागरिकांनी भाषणातले आकडे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. आगगाडीतून उतरून या गाडीत बसेपर्यंत किती पावले चालावे लागेल आणि त्या वाटेवर छप्पर आहे काय? दोन्हींसाठी एकच तिकीट चालेल काय, की दोनदा भाडे भरावे लागेल? दुसरी पाळी सुटल्यावर शेवटची गाडी आहे काय? आणि हद्द ओलांडताना जबाबदारी कोणाची, हे कागदावर लिहिले आहे काय?

हे प्रश्न प्रभागाच्या सभेत विचारा, प्राधिकरणाच्या हरकती-सूचनांत लिहून द्या. आणि आपल्या घरी जी बाई भांडी घासायला किंवा जो पहारेकरी रात्री फाटकावर येतो, त्याला एकदा विचारा, की तू घरून किती वाजता निघतोस? त्याने सांगितलेली वेळ त्या अर्जात पहिल्या ओळीत लिहा.